दिवस बुडायच्या आत

हेर हरला आणि प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या.

मोठ्या पडद्यावर तीनच शब्द होते: 'सांगता येत नाही.' सरकारनं वर्षभरात राज्यातल्या माणसांना काय दिलं, कधी दिलं, कुणाला कुठली खोली, कुठलं औषध, कुठलं ताट, हे सगळं हेरसमोर ओतलं होतं. प्रश्न एकच होता, यातला कोण कुठल्या धर्माचा? माणसाच्या वागण्याचा वास घेत शिकलेलं ते संगणकातलं बोधजाल बराच वेळ घुसमटलं आणि शेवटी त्यानं हात टेकले.

मिरजेच्या समदृष्टी केंद्रात पेढे फिरले. एका अभियंत्यानं टेबलावर चढून शिट्टी मारली. संचालक डॉ. विशाखा ढावरे कधी हसत नाहीत अशी ख्याती होती, त्याही चक्क हसत होत्या. हेर जिनं घडवला ती पद्मजा मगदूम मात्र पेढा हातात धरून नुसती उभी होती.

"खा की," ढावरे म्हणाल्या. "तुझा पोरगा हरला म्हणून सुतक पाळतेस काय?"

"माझा बाप सोमवारी नळीवर जाणार आहे, मॅडम. सरकारच्या निवासात. समोर अन्न असताना."

ढावरेंचं हसू गेलं. "माझ्या खोलीत ये."

खोलीत गेल्यावर पद्मजा बसली नाही.

"सोपं करून सांगते," ती म्हणाली, "म्हणजे आपण काय करून बसलोय ते तुम्हालाही ऐकू येईल. सरकार आता सगळंच देतं. ताट देतं, छप्पर देतं, दवाखाना देतं, मेल्यावर गाडी देतं. जो सगळं देतो त्यानं धर्म बघून दिलं तर खेळ खलास. म्हणून कायदा आला, वाटप बघून घेणाऱ्याचा धर्म ओळखू येता कामा नये. बरोबर?"

"बरोबर."

"त्यासाठी आपण दोन बोधजालं झुंजवली. वाटप्या वाटतो. हेर ते वाटप हुंगून धर्म ओळखायला बघतो. हेरनं ओळखला की वाटप्याला शिक्षा, मग त्यानं पद्धत बदलून परत वाटायचं. आज हेर हरला. का हरला?"

"वाटप्या शिकला म्हणून."

"काय शिकला? सगळ्यांना सारखं दिलं की हेरला हुंगायला काही उरत नाही, एवढंच शिकला. एक ताट, एक वेळ. आळशी मास्तर सगळ्या पोरांना पस्तीस मार्क देऊन मोकळा होतो, त्यात आणि ह्यात फरक काय?"

"रात्रीच्या ताटाची वेळ कुठल्या पोथीतून आलेली नाही," ढावरे शांतपणे म्हणाल्या. "त्या वेळी भोजनघरांना वीज भरपूर मिळते. ती कुणाचीच वेळ नाही."

"ज्यांना चालते त्यांची आहे ती. आम्ही जैन. माझं सोडा, मी कधीही काहीही खाते. पण अण्णांनी आयुष्यभर दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब घेतलेला नाही. रात्रीचं ताट येतं तसं जातं. आणि निवासाचं यंत्र म्हणतं, हा माणूस स्वतःला इजा करतोय, नाकातून नळी घाला."

"लवकरचं ताट मागितलं नाही?"

"मागितलं. वाटप्या नाही म्हणाला. त्याच्या अनुभवात दिवसाउजेडी रात्रीचं ताट मागणारे जवळजवळ सगळे जैन. ते दिलं की हेर ओरडणार, हा जैन. म्हणजे माझ्या बापाचा धर्म लपवायचा म्हणून सरकार त्याला तो पाळूच देत नाही. ह्याला निःपक्षपातीपणा म्हणायचं?"

ढावरे खिडकीशी गेल्या.

"माझ्या आजोबांचा कप हॉटेलाच्या बाहेर ठेवलेला असायचा. कान तुटलेला. चहा वरून ओतायचे. दुष्काळात सरकारी धान्य आलं, तेव्हाही आडनाव ऐकून माप हलकं व्हायचं. मला देव नको, धर्म नको, पद्मजा. देणाऱ्या हाताला डोळे नसावेत, एवढंच पाहिजे. तुझ्या वडिलांसाठी मी एक डोळा उघडला, तर उद्या त्याच डोळ्यानं कुणीतरी माझ्या नातीकडं बघेल."

आंधळ्या सरकारची मागणी बहुतेक वेळा ज्यांच्याकडं पिढ्यान् पिढ्या रोखून बघितलं गेलं त्यांचीच असते. त्या मागणीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपले डोळे तपासावेत. पण सोमवार काही केल्या लांब जात नव्हता.

"एवढं तरी आठवा," ती दारातून म्हणाली. "हेरला मी नाव शिकवलं नाही, देव नाही, पुस्तक नाही. तुम्ही व्याख्या दिलीत ती शिकवली. स्वतःचा तोटा सोसून, कुणी जबरदस्ती न करता, अनेकांनी पाळलेला नेम दिसला की तो धर्म. हेरच्या वहीत एका माणसाला एकच खाना, एकच धर्म. ज्या नेमात तोटा जास्त, तो त्याचा धर्म. आणि माणूस का पाळतो, हे विचारायला सरकारला बंदी. ह्या व्याख्येनं माझा बाप धर्मात बसतो. तुमच्या ताटात बसत नाही."

कृष्णाकाठ ज्येष्ठ निवास शहराबाहेर होता. तीन मजले, तीनशे म्हातारे, एक भोजनघर. कर्मचाऱ्यांचं जेवणही तिथंच. मागं एका निवासात विषबाधा झाल्यापासून बाहेरचा घास आत आणायला बंदी होती आणि आलेलं ताट तासाभरात परत जायचं, खोलीत काही साठवायचं नाही. नेमगोंडा मगदूम, म्हणजे पद्मजाचे अण्णा, पाटबंधारे खात्यात हयात काढलेला माणूस, व्हरांड्यात बुद्धिबळ खेळत होते. सदऱ्याच्या बाहीत हात शोधावा लागावा इतके वाळले होते. समोर सॉलोमन लोंढे. हे दवाखान्यात क्ष-किरणांचे फोटो काढत निवृत्त झालेले.

"जेवलीस?" अण्णांनी विचारलं.

"दुपारी."

"रात्री कधी जेवतेस ते इचारत न्हाई मी. पाप तुझं, झोप माझी कशाला घालवू?"

"ह्याला सांग गं," लोंढे म्हणाले. "सरकार गरम आमटी पाठवतंय आणि हा सूर्याला विचारून तोंड उघडतोय. कोंबडं बरं मर्दा, ते निदान सकाळी बांग तरी देतंय."

"कोंबडं तू खातोस, म्हणून तुला त्याची सय येती. वजीर सांभाळ."

निवासाच्या डॉक्टर फरझाना मुजावर अण्णांचं वजन बघून आल्या होत्या. त्यांनी पद्मजाला बाजूला घेतलं.

"सोमवारची सही माझी आहे. मी नाही केली तर यंत्र दुसऱ्याची घेईल. मी फार तर हळू हातानं नळी घालू शकते."

"तुम्ही वरती लिहिलं नाहीत?"

"लिहिलं. माझंच कोण ऐकतंय? पुढच्या आठवड्यात रोजे सुरू होतात. मी इथंच राहते, म्हणून नाश्त्याऐवजी पहाटेचं ताट मागितलं. नाकारलं. पहाटे जेवणारी ह्या भोजनघरात मी एकटी, लगेच ओळखू येईन म्हणे. जसं काही दारावर 'मुजावर' अशी पाटीच नाही."

पद्मजा हसायला लागली होती, ती मध्येच थांबली.

"काय म्हणालात? एकटी?"

"हो."

"डॉक्टर, तुम्ही ओळखू येता ते मुसलमान म्हणून नव्हे. एकट्या आहात म्हणून." पद्मजाचा आवाज चढला. "हेर शिकलाय राज्यभराचं, पण निकाल लावतो एकेका भोजनघरापुरता. इथं लवकरचं ताट मागणारा एकटा अण्णा असेल, तर हेरची खात्री शंभर टक्के. दोघं असतील तर पन्नास. तीनशे असतील तर हेरला सर्दी. वाटप्यानं सगळ्यांना सारखं करून हेरला हरवला. आपण गर्दी करून हरवू."

"आणि लोकांनी कारण काय द्यायचं?"

"कारण विचारायला बंदी आहे. कायद्यानंच." वर्षभर ज्या यंत्राच्या पोटात ती राबली, त्याला दार होतं आणि ते आतून उघडत होतं.

फरझानांनी तिथल्या तिथं ताट मागायच्या भिंतीवरच्या पट्टीला तळहात लावला. "मुजावर. रात्रीचं ताट, दिवस बुडायच्या आत."

अण्णांना हे आवडलं नाही. "माझा नेम हाय, तो मी सोसतो. लोकांनी रात्रभर उपाशी का ऱ्हायचं?"

"तुम्हाला कुणी विचारलंय?" फरझाना म्हणाल्या. "माझं ताट मी कधीही मागेन."

मग ते पसरलं. सभा नाही, भाषण नाही. पहिल्या मजल्यावरच्या बायकांनी मागितलं, कारण फरझाना डॉक्टर कधी काही मागत नाहीत. दुसऱ्या मजल्यानं मागितलं, कारण पहिल्या मजल्याकडून कमी लेखून घ्यायचं नव्हतं. स्वयंपाकी कुरकुरले आणि त्यांनीही मागितलं. पद्मजा केंद्रात पडद्याला डोळे लावून बसली होती. हेरची खात्री पन्नास, वीस, सहा. आकडा उतारावर सुटल्यासारखा घसरत होता आणि ती खुर्चीत वर-खाली होत होती. तिकडं निवासात लोंढे अडून बसले होते.

"दिवसाउजेडी गिळून रात्रभर छताकडं बघू? ह्या जैनासाठी?"

"मागू नकोस," अण्णा म्हणाले. "तुला कोण म्हणतंय?"

लोंढे तणतणत उठले आणि पट्टीवर हात आपटून परत येऊन बसले. "तुझ्यासाठी न्हाई. तू मेलास तर मी घोडा कुणाचा मारू?"

रविवारी उन्हं कलली आणि ताटगाडी निवासात शिरली. वाटप्यानं सगळ्यांच्या मागण्या मान्य केल्या होत्या, कारण नाकारायला त्याच्याकडं कारणच उरलं नव्हतं. तीनशे झाकणं उघडली. अण्णांनी पश्चिमेकडं पाहिलं, हात जोडले आणि भाकरी मोडली. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं, सगळे मुद्दाम बघत नव्हते. सोमवारी नळीचा आदेश आपोआप रद्द झाला.

विजयाची एक खोड असते, तो एकावर थांबत नाही. "आता डॉक्टरीणबाईंचं पहाटेचं," लोंढे म्हणाले, आणि नाश्ता सोडून अंधारात ताट मागायला सगळा निवास लागला. म्हातारी माणसं, ज्यांना पहाटे उठून फक्त सांधे दुखतात, ती हसत हसत पट्टीवर हात ठेवत होती.

फक्त अण्णांनी ठेवला नाही.

दोन दिवसांनी दुपारी ढावरेंचा आवाज केंद्रभर घुमला. "पद्मजा, तुझा हेर पिसाळलाय."

पडदा लाल होता. 'नवा धर्म आढळला. स्थळ: कृष्णाकाठ निवास. नाव: अज्ञात. खूण: दुसऱ्याचा नेम, स्वतःच्या तोट्यानं.'

पद्मजानं दोनदा वाचलं आणि तिच्या तोंडून हसू फुटलं. "बरोबर आहे की. तुमचीच व्याख्या. तोटा आहे, जबरदस्ती नाही, अनेकांनी पाळलंय. मॅडम, त्यानं नवा धर्म जन्मताना पकडलाय."

"हसू नकोस. खाली वाच."

खाली लिहिलं होतं: 'सदस्य: एक सोडून सर्व. उरलेला एक: जैन. खात्री: शंभर टक्के.'

पद्मजा खुर्चीत बसली. आता तिला दिसलं. सगळ्यांनी दोन ताटं बदलली होती, संध्याकाळचं आणि पहाटेचं. अण्णांनी एकच, स्वतःचं. एका माणसाला एकच खाना, आणि ज्यात तोटा जास्त तो धर्म, म्हणून लोंढे ख्रिस्ती उरले नव्हते, फरझाना मुसलमान उरल्या नव्हत्या. सगळी गर्दी उठून नव्या खान्यात गेली होती आणि जिथं अण्णांना लपवलं, तिथं ते एकटेच उरले होते. मदत करायला आलेल्यांनीच त्यांना उघडं पाडलं होतं.

"संध्याकाळच्या ताटाआधी वाटप्या नवा हिशेब करेल," ढावरे म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचं लवकरचं ताट बंद. नळीचा आदेश परत जिवंत. आणि मी हात घालू शकत नाही. घातला तर मी डोळा उघडला असं होईल."

"हात नका घालू. माझ्याबरोबर चला."

ढावरे आल्या. यंत्र बांधणाऱ्या माणसानं त्या यंत्राचं ताट खाणाऱ्यासमोर उभं राहणं, हे आपल्याकडं क्वचित घडतं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. व्हरांड्यात माणसं जमली होती.

"म्हंजे मी पहाटंचं ताट मागायचं," ते म्हणाले. "अंधारातलं."

"हो."

"सूर्य उगवल्याबिगर मी तोंडात काय घालत न्हाई. मग मी खानार न्हाई ते ताट मागू कसं? ते खोटं बोलणं झालं. नेम वाचवाय म्हणून खोटं बोललो, तर वाचवलं काय?"

"अण्णा, आज संध्याकाळी ताट येणार नाही. परत नळी लावतील."

"लावू देत."

लोंढे भडकले. "तीनशे माणसं तुझ्यापायी उपाशी झोपतात आणि तू सत्याचं तुणतुणं वाजवतोस?"

"सॉलोमन, तू उपाशी झोपतोस ते मला रोज कळतं. म्हणूनच खोटं बोलवत न्हाई."

फरझाना अण्णांच्या शेजारी बसल्या. "अण्णा, माझ्यासाठी मागू नका. सकाळचा नाश्ता गेला तर तुमचं वजन आणखी उतरेल. डॉक्टर म्हणून सांगते, मला तुमची गर्दी नको."

अण्णांनी त्यांच्याकडं मान वळवली. बराच वेळ त्यांना आपल्या नळीचाच प्रश्न दिसत होता. आता दुसराच दिसला.

"मी मागितलं न्हाई तर तुझ्या ताटाचं काय हुईल?"

पद्मजानं उत्तर दिलं. "आज काही नाही. पण लोक थकून एकेक गळतील, तसा हेर त्यांनाही शोधेल. शेवटी परत एकटी."

"मागताना लिहून द्यावं लागतं का, कशासाठी पाहिजे?"

"नाही. कारण लिहायला जागाच नाही."

अण्णा ढावरेंकडं वळले. "बाई, यंत्र तुमचं. ताट पाहिजे म्हणालो म्हंजे खायला पाहिजे, असं तुमच्या कायद्यात हाय?"

ढावरेंनी विचार केला. ह्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांना त्यांच्याच कायद्यानं दिलं. "नाही. तुम्हाला ते कशासाठी पाहिजे, हे जाणून घ्यायचा आम्हाला अधिकार नाही."

"मग खोटं कुठं झालं?" अण्णा उठले. "मला ते ताट पाहिजे. खायला न्हाई. ही पोरगी अंधारात जेवेल, तिच्यासमोर घेऊन बसाय पाहिजे." त्यांनी पट्टीवर हात ठेवला, खात्याच्या पंपाची कळ दाबावी तसा ठाम. "मगदूम. पहाटेचं ताट. नाश्त्याऐवजी."

पद्मजाच्या हातातल्या पडद्यावरचा लाल रंग थरथरला. नाश्ता सोडल्याचा तोटा मोठा ठरला आणि अण्णांचा जैन खाना रिकामा झाला. हेरनं पुन्हा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि लिहिलं: 'सर्व एका धर्माचे. ओळखण्यासारखं काही नाही.'

त्याच्याखाली वाटप्यानं एक ओळ टाकली, जी त्यानं आजवर कुठल्याच भोजनघरात टाकली नव्हती: 'सर्व वेळा खुल्या.'

"हे काय?" लोंढेंनी विचारलं.

पद्मजानं पडदा त्यांच्यासमोर धरला. "काका, एका घरात सगळेच एका धर्माचे असले, तर कुठलंही ताट कुणाचा धर्म सांगूच शकत नाही. मग ते पहाटे द्या, दुपारी द्या, कधीही द्या. लपवायला काही उरलं नाही, म्हणून सारखं करायची गरज संपली. ज्याला जी वेळ पाहिजे ती."

"म्हंजे मला रात्रीची गरम आमटी?"

"तुम्हाला गरम आमटी. अण्णांना उजेडात. डॉक्टरांना पहाटे आणि रोजा सोडायच्या वेळी."

"आणि उद्या प्रत्येकानं फक्त आपापलंच मागितलं तर?" ढावरेंनी विचारलं. त्यांचेही डोळे चमकत होते, पण त्या संचालक होत्या.

"तर खाने परत भरतील, हेर परत जागा होईल. अधूनमधून प्रत्येकानं एखादं ताट दुसऱ्यासाठी मागत राहायचं. तेवढी किंमत आहे."

"तेवढीच?" लोंढे म्हणाले. "घरात बायकोसाठी ह्याच्यापेक्षा जास्त सोसलंय."

व्हरांडा हसला. ढावरे हसल्या नाहीत. त्या अण्णांसमोर स्टूल ओढून बसल्या.

"मगदूम साहेब, एक सांगायलाच हवं. सरकारच्या लेखी तुम्ही आता जैन नाही. ह्या निवासात हिंदू नाही, मुसलमान नाही, बौद्ध नाही, ख्रिस्ती नाही. सगळे खाने शून्य."

"मी हाय की जैन."

"तुम्ही आहात. सरकारला दिसत नाही."

"मग बरंच झालं," अण्णा म्हणाले. "त्याला दिसून माझं काय वाढणार हुतं?"

ढावरेंचा फोन वाजला. मुंबईहून खात्याचे सचिव होते. हेरचा अहवाल तिथं पोचला होता आणि तिथली माणसं घाबरली होती. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. नवा धर्म सापडलाय म्हणता, त्याचं नाव काय? प्रमुख कोण? प्रार्थनास्थळ कुठं आहे? अहवालात रकाना आहे मॅडम, काहीतरी भरायला लागेल.

ढावरेंनी फोन बाजूला धरून व्हरांड्याकडं पाहिलं. "नाव विचारतायत."

कुणी काही सुचवणार तेवढ्यात बाहेर ताटगाडीची घंटा झाली. उन्हं अजून फरशीवर होती. अण्णांनी पुढ्यात आलेल्या ताटावर हात ठेवला, झाकण उघडलं.

"रकाना रिकामा सोडा म्हणावं," ते म्हणाले. "आणि बाई, तुम्ही पण हात धुऊन या. ताटं मोप हायत, पण दिवस थांबायचा न्हाई."